अमीनाबीच्या वाटेचा दावा

नगरच्या कोर्टात मी पहिल्यांदा काळा डगला चढवून गेले, त्या दिवशी सगळ्यांत मोठी अडचण झाली ती पट्टेवाल्याची. दाराशी उभं राहून वकिलांच्या नावाचा पुकारा करायचा, हे त्याचं काम. इतकी वर्षं तो "अमुक वकीलसाहेब" असं ओरडत आलेला. माझं नाव समोर आलं तेव्हा तो "मालती" एवढं म्हणून थांबला, आत डोकावून न्यायाधीशांकडे पाहिलं, शिरस्तेदारांकडे पाहिलं, आणि मग बिचाऱ्याने सगळंच एका दमात म्हणून टाकलं, "मालतीबाई वकीलसाहेबबाई!" पुढची चार वर्षं नगरच्या कोर्टात माझं हेच नाव होतं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. कागद मिळत नव्हता, म्हणून जुन्या दाव्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही अर्जांचे मसुदे लिहीत असू. नगरात जिकडेतिकडे लष्कराच्या गाड्या होत्या. आणि अशा दिवसांत एक पंचवीस वर्षांची मुलगी वकिली करायला निघाली, याचं लोकांना नवल वाटायचं, पण राग यायचा नाही. मला वाटतं, त्यांना मी फार दिवस टिकेन असंच वाटत नव्हतं. पक्षकार यायचे, माझ्यासमोर बसायचे, घरच्या गोष्टी बोलायचे, पाणी मागायचे आणि शेवटी विचारायचे, "वकील कवा येनार?" मी म्हणायचे, "मीच वकील." त्यावर एक म्हातारा फार मायेने म्हणाला होता, "बरं बरं. तुमी बसा, मी थांबतो."

माझे वरिष्ठ होते शेखसाहेब. कापडबाजारात एका दुकानाच्या वर त्यांची कचेरी होती. माझ्या वडिलांचे ते शाळेपासूनचे मित्र. उंच, सावळे, डोक्यावर काळी टोपी आणि तोंडात कायम वेलदोडा. मोडीतला शंभर वर्षांपूर्वीचा कागद ते वर्तमानपत्र वाचावं तसा वाचत. त्यांच्या स्वतःच्या घरातल्या बायका पडद्यात होत्या, आणि तरीही नगरातल्या चार मोठ्या वकिलांनी मला "जागा नाही" म्हणून सांगितल्यावर शेखसाहेबांनी आपल्या टेबलाचा अर्धा भाग रिकामा करून दिला. कोणी काही बोललं की म्हणत, "कायद्याच्या पुस्तकात कुठे लिहिलंय का, की हे पुस्तक मिशीवाल्यानेच उघडावं?"

पुढे मी न्यायाधीश झाले, जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले, मोठमोठे दावे चालवले. पण माझ्या कामातला सर्वांत आनंदाचा दिवस कुठला असं कोणी विचारलं, तर मी नगरच्या त्या पहिल्या वर्षांतलाच एक सांगते. तो दिवस कोर्टात गेला नाही. श्रीगोंद्याच्या बाजूच्या एका खेड्यात, चावडीच्या ओट्यावर गेला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या दाव्यातल्या घरांतली माणसं आजही तिथे आहेत आणि मी गेले तर जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

एका सकाळी मी कचेरीत आले, तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एक बाई बसलेली. वय पन्नास-पंचावन्न, हिरवं नऊवारी लुगडं, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, हात मात्र एखाद्या पैलवानाचे असावेत तसे. तिचं नाव अमीनाबी. गावची सुईण. तिची आईही सुईण होती, आजीही. गावात मराठ्यांच्या घरी, माळ्यांच्या घरी, मशिदीजवळच्या चार-पाच मुसलमान घरांत, कुठेही बाई अडली की अमीनाबीला बोलावणं जायचं.

तिची तक्रार साधी होती. गावाला लागून पोलीस पाटलांचं शेत. त्या शेतापलीकडे अमीनाबीची अर्धा एकर जमीन आणि त्यातच तिचं घर. गावात यायला ती पाटलांच्या शेताच्या बांधावरून यायची. पाच-सात मिनिटांची वाट. तिची आजी याच बांधावरून जायची. पाटलांनी दिवाळीनंतर त्या बांधावर बाभळीचे काटे टाकून कुंपण घातलं. आता गावात यायचं तर ओढा ओलांडून वळसा घेऊन तासभर चालावं लागे.

"पाटलांनी असं का केलं?" मी विचारलं.

"माझ्या शेरडांनी त्यांची लिंबाची रोपं खाल्ली," ती म्हणाली.

"खरंच खाल्ली?"

"खाल्ली की. खोटं कशाला बोलू? शेरडं हायेत, खानारच."

असा पक्षकार मी त्याआधी पाहिला नव्हता. मी कागदावर लिहायला लागले, तर ती म्हणाली, "बाई, मला शेरडांसाटी वाट नगं. शेरडं मी दोरीला धरून वळशानं नेईन. पन बाळंतीन वळशाची वाट बघत न्हाई."

अशा तंट्यांसाठी दिवाणी कोर्टात जायची गरज नसते. शेताच्या वाटा, विहिरीचं पाणी, पाटाचा अडथळा, असले झगडे मामलेदाराच्या कोर्टात चालतात. महसुलाची कामं बघणारा मामलेदार तेवढ्यापुरता न्यायाधीश होतो, जागेवर जाऊन पाहतो, साक्षी घेतो आणि झटपट निकाल देतो. त्यात एक अट मात्र कडक असते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावला पाहिजे. सहा महिने उलटले की दावा गेलाच.

आम्ही पौषात दावा लावला. पाटलांनी उत्तर दिलं, कुंपण घातलं हे कबूल; पण ते यंदाच्या दिवाळीनंतर नव्हे, गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर. म्हणजे वर्ष होऊन गेलं. दावा मुदतीबाहेर.

सगळा झगडा एवढ्यावर येऊन ठेपला, की दिवाळी कुठली?

मला वाटलं, यात काय अवघड आहे? गावातला कोणीही सांगेल की कुंपण दोन-तीन महिन्यांपूर्वीचं आहे. मी गावात गेले. श्रीगोंद्यापर्यंत कोळशाच्या गॅसवर चालणारी बस होती. चढ आला की उतरून आम्ही प्रवासी ती ढकलायचो आणि वरून ड्रायव्हर आम्हालाच उशीर झाला म्हणून रागवायचा. तिथून पुढे बैलगाडी. गावातल्या दहा-बारा घरी गेले. सगळीकडे गूळ-पाणी मिळालं, साक्ष कुठेच मिळाली नाही. बायका म्हणत, "अमीनाबी आमच्या घरचीच हाय, पन पाटलांच्या विरोधात आमचं मानूस कसं बोलंल?" पुरुष आभाळाकडे बघत. त्या काळी पोलीस पाटील म्हणजे गावातलं सरकारच. कोण कशाला उभं राहील?

मी हिरमुसून अमीनाबीच्या घरी गेले. तिला म्हटलं, "कुंपण नेमकं कधी घातलं, तारीख आठवते का?"

"तारीख न्हाई म्हाईत. मला बाळंतपनं म्हाईत."

"म्हणजे?"

तिने बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. श्रावणात कोळ्याच्या सुनेला मुलगी, तेव्हा वाट होती. भादव्यात सुताराकडे मुलगा, तेव्हा होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटलांच्या घरी नातू, तेव्हा होती. दिवाळी झाली आणि माळ्याच्या पोरीच्या वेळी वळसा घालावा लागला. पोहोचेपर्यंत मूल झालेलं.

मी ताडकन उठले. "पाटलांच्या घरी? त्यांच्याच नातवाच्या वेळी तुम्ही बांधावरून गेलात?"

"गेल्ते की. धावत गेल्ते. पोर पायाकडनं येत हुतं..." आणि तिने एकदम तोंडावर हात ठेवला. चेहरा पांढरा पडला. "बाई, हे कुटं बोलायचं न्हाई. माझ्या तोंडातनं गेलं. तुमाला शपथ हाय."

पायांकडून जन्मणाऱ्या मुलाला पायाळू म्हणतात. पायाळू माणसावर वीज पडते, पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणून लोक त्याला पळवून नेतात, असलं काय काय त्या वेळी मानलं जाई. पाटलांच्या घराने हे गावापासून लपवलं होतं. खोलीत तिघीच होत्या, सून, सासू आणि अमीनाबी. (आज मी हे लिहिते आहे, कारण तो नातू आता चांगला बापई माणूस झाला आहे आणि आपण पायाळू असल्याचं स्वतःच गावभर हसत सांगतो. वीज अजून त्याच्या वाटेला गेलेली नाही. धनही दिसलेलं नाही, अशी त्याची तक्रार असते.)

मी म्हटलं, "अमीनाबी, पण यातच तुमचा दावा आहे. पाटलांना विचारायला हवं."

"मी कशी आले, कवा आले, ते इचारा. खोलीतलं काय बी इचारायचं न्हाई. माझ्या आईनं मला पयली हीच गोष्ट शिकिवली. बाळंतिनीच्या खोलीतलं उंबऱ्याभायेर न्यायचं न्हाई."

मी नगरला परत आले आणि शेखसाहेबांना सगळं सांगितलं, फक्त तेवढा एक शब्द सोडून. ते म्हणाले, "साक्षीदार मिळत नाही म्हणतेस? साक्षीदार तर समोरच्या बाजूलाच बसलाय. पाटलालाच विचार."

"ते खोटं बोलले तर?"

"बोलू दे. पण आधी तुझ्या हातात कागद पाहिजे."

गावातल्या जन्ममृत्यूची नोंद त्या वेळी पोलीस पाटलाने ठेवायची असे, आणि दर महिन्याला तिची प्रत तालुक्याला जाई. मी श्रीगोंद्याच्या कचेरीत दोन दिवस बसून त्या वर्षाची पानं वाचली. कारकून येऊन-जाऊन बघत होता, की ही बाई या जुनाट कागदांत एवढं काय गोड लागल्यासारखं वाचतेय. आणि खरोखर गोड होतं! पाटलांचं अक्षर मोत्यासारखं. बाकी सगळ्या नोंदी एकेका ओळीत. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशीची नोंद मात्र ठसठशीत, दुप्पट मोठ्या अक्षरात: मुलगा, वेळ दुपारी बारा, सूर्य माथ्यावर. सरकारी वहीत सूर्य लिहायची काही गरज नव्हती. आजोबांना आवरलं नव्हतं, एवढंच. मला त्या क्षणी पाटील आवडून गेले, आणि हे वकिलाला धोक्याचं असतं.

सुनावणीसाठी मी गावाला निघताना शेखसाहेब म्हणाले, "माझी सेशनची केस आहे, मी येत नाही. एकटी जा. दोन गोष्टी ध्यानात ठेव. ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न विचारू नकोस. आणि ज्याचं उत्तर माहीत आहे, तो प्रत्येक प्रश्न विचारलाच पाहिजे असंही नाही."

पहिली गोष्ट मी मान डोलावून ऐकली. दुसरी तर मी ऐकलीच नाही, असं म्हटलं तरी चालेल.

माघातल्या एका सकाळी मामलेदारसाहेब दौऱ्यावर गावात आले. तरुण होते, डोक्यावर साहेबी टोपी, पायांत धुळीने पांढरे झालेले बूट. आधी जागा पाहिली. बांधावर काटे रचलेले, पलीकडे अमीनाबीचं घर, आणि कुंपणाच्या आतल्या बाजूला शेंडे खाल्लेली लिंबाची रोपं. मामलेदारांनी रोपं मोजली, काटे पाहिले आणि सगळे चावडीवर आलो. चावडीचा ओटा सारवलेला होता. गाव गोळा झालेलं. बायका समोरच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या. त्यांना दाव्यापेक्षा माझ्या डगल्यात रस होता.

पाटलांनी वकील दिला नव्हता. आपल्याच चावडीत आपल्याला वकील कशाला? भरदार माणूस, पांढरा फेटा, आवाज खणखणीत. मला पाहून ते म्हणाले, "या, वकीलीनबाई. परवासात तरास न्हाई ना झाला?" विरोधी पक्षाने एवढी विचारपूस केल्यावर भांडायचं कसं?

आधी अमीनाबीची साक्ष झाली. शेळ्यांनी रोपं खाल्ल्याचं तिने न विचारताच सांगितलं. मामलेदारांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मग पाटील उभे राहिले. कुंपण गेल्या वर्षीचं आहे, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. मामलेदार स्वतःच्या हाताने लिहून घेत होते.

मी उलटतपासणीला उभी राहिले. डगल्याच्या बाह्या सारख्या केल्या.

"पाटील, गावची जन्ममृत्यूची वही तुम्हीच लिहिता?"

"व्हय. बारा वर्सं झाली."

"हे अक्षर तुमचं?" मी कचेरीतून मागवलेलं पान पुढे केलं.

त्यांनी पान पाहिलं आणि चेहरा उजळला. "माझंच. ही आमच्या नातवाची नोंद."

"यंदाच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी बारा वाजता. बरोबर?"

"बरोबर. सूर्य माथ्यावर हुता." मागे कोणीतरी हसलं. पाटीलही हसले.

"बाळंतपण कोणी केलं?"

"अमीनाबीनं. दुसरं कोन करनार?"

"निरोप कधी पाठवला होता?"

"मी न्याहारीला बसलो हुतो. सुनेला कळा सुरू झाल्या म्हनून घरातनं आवाज आला. गडी पाठिवला. न्याहारी झाली न्हाई तोवर ही दारात. लई तडफेची बाई हाय, ते आमी नाकारत न्हाई. आन् त्या दिवशी पानी तर केवढं! रातभर परतीचा पाऊस, वढा दुथडी भरून चाललेला, मानूस उभं ऱ्हाईना त्यात. तरी बी..."

पाटील बोलता बोलता थांबले.

ओढ्याचं मला ठाऊकच नव्हतं. ते त्यांनी आपणहून, नातवाच्या आनंदात, सांगून टाकलं होतं. वळशाची वाट ओढ्यातूनच जाते. ओढा दुथडी भरलेला असेल, तर अमीनाबी आली कुठून?

मी विचारलं, "मग पाटील, ती आली कुठून?"

त्यांनी फेटा सारखा केला. गाव बघत होतं. त्यांचीच चावडी, त्यांचेच लोक. माणसाला खोटं बोलायचं नसतं, पण सगळ्यांसमोर मागे फिरायचंही नसतं. ते म्हणाले, "आली असंल वढ्यातनंच. पानी उतरलं असंल."

इथे मला थांबायला हवं होतं. मामलेदारांना सगळं समजलं होतं. त्यांची लेखणी थांबली होती. पण मी तरुण होते आणि समोरचा माणूस खोटं बोलला होता. मला राग आला. मला ते त्यांच्याकडून सगळ्यांसमोर कबूल करवून घ्यायचं होतं. ती एवढ्या घाईने का आली, एक घटकाही उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे विचारलं की पाटलांना मान खाली घालावीच लागणार, हे मला माहीत होतं.

मी म्हणाले, "पाटील, ते बाळंतपण साधं नव्हतं. हे खरं ना? बाळ..."

"बास!"

अमीनाबी उठून उभी राहिली होती. कोर्टात पक्षकाराने असं मधेच बोलायचं नसतं. मामलेदारांनी टेबलावर पेन्सिल आपटली. तिने तिकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"वकीलीनबाई, बास झालं. म्होरं बोलायचं न्हाई. माझा दावा जाऊ द्या. मी वळशानं येत जाईन, घंटाभर आधी निघीन. पन हे बोलू नगा."

आयुष्यात मला पुष्कळ न्यायाधीशांनी गप्प बसवलं, पण एवढी लाज मला कोणी आणली नाही. तिने मला शपथ घातली होती आणि जिंकण्याच्या भरात मी ती मोडायला निघाले होते. मी एवढंच म्हणाले, "प्रश्न मागे घेते, साहेब," आणि खाली बसले.

गावाला काही कळलं नाही. देवळाच्या पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. पण पाटलांना कळलं होतं. ते अमीनाबीकडे बघत होते. वाट गेली तरी चालेल, पण तुमच्या घरातलं उघडं होऊ देणार नाही, असं ही बाई म्हणते आहे, हे त्या एका माणसालाच समजत होतं. पायऱ्यांवर त्यांची बायको बसली होती. तिने पदर डोळ्यांना लावला.

पाटलांनी पाणी मागितलं. तांब्याभर प्यायले. मग म्हणाले, "रावसाहेब, मी मघाशी सांगितलं ते खोडा."

मामलेदार म्हणाले, "शपथेवरचं खोडता येत नाही, पाटील. पुढे काय सांगायचं ते सांगा, मी खाली लिहितो."

"मग ल्ह्या. त्या दिवशी ही बांधावरनंच आली. गडी तिला बांधावरनंच घिऊन आला. कुंपन न्हवतं. कुंपन यंदाच्या दिवाळीनंतर घातलं. रोपांचा राग आला म्हनून घातलं, आन् मागनं खोटं बोललो." मग बायकोकडे पाहून, "हे बी ल्ह्या, की ती आली म्हनून माझ्या घरात दोन जीव वाचले. कसे ते इचारू नगा."

"विचारत नाही," मामलेदार म्हणाले आणि त्यांनी खरोखर तसंच लिहिलं. त्यांची लेखणी कागदावर चालताना मला ऐकू येत होती.

निकाल तिथेच झाला. वाट मोकळी करावी. शेळ्या त्या वाटेने आणू नयेत. अमीनाबी म्हणाली, "ते मी आदीच सांगितलं हुतं." आणि गाव खदखदून हसलं. मघापासून सगळ्यांनी दाबून धरलेला श्वास एकदम सुटावा तसं.

आता वाट किती रुंद, हे ठरवून कागदावर लिहायचं होतं, नाहीतर पुन्हा झगडा. आम्ही सगळे बांधावर गेलो. पाटलांनी गड्याला हात लावू दिला नाही. फेटा काढून बायकोकडे दिला आणि स्वतः काठीने बाभळीचे काटे ओढून बाजूला केले. मामलेदारांच्या कारकुनाने मोजायची साखळी उलगडली आणि विचारलं, "वादीची मागणी किती फुटांची?"

अमीनाबी बांधावर उभी राहिली. कमरेवर हात ठेवून दोन्ही कोपरं बाहेर काढली. "एवढी. एका बाईला बोचकं घिऊन जाता यावं."

कारकुनाने मोजलं. "तीन फूट."

"तीन फूट न्हाई," पाटील म्हणाले.

मला वाटलं, आता हे फिरले.

"गाडीवाट ल्ह्या. आठ फूट."

मामलेदार म्हणाले, "पाटील, मागणी तीन फुटांची आहे."

"असंल. पन बाई अडली आन् हिच्या हातातलं काम न्हाई ऱ्हायलं, तर श्रीगोंद्याच्या दवाखान्यात गाडीतनं न्यावी लागंल. हिच्या दारातनं हिला बी संगं घिऊन गाडी सरळ सडकंला लागली पायजे. आठ फूट ल्ह्या."

"मला गाडी नगं," अमीनाबी म्हणाली. "तुमची रोपं जातील."

"माझी रोपं हायेत, मी बघीन."

"चांगली लिंबं येतील त्यास्नी. कशाला उपटता? तीनच ल्ह्या, साहेब."

"आठ!"

"तीन!"

कारकून साखळी हातात धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. छापील कागदावर मागणी आणि मंजुरी असे दोनच रकाने होते. प्रतिवादीने मागणीपेक्षा जास्त दिलं आणि वादीने ते नाकारलं, तर काय लिहायचं, यासाठी सरकारने जागाच ठेवलेली नव्हती. त्याने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी वादीची वकील. आता मी कुणाच्या बाजूने बोलायचं? मला हसू आवरेना. डगल्याची बाही तोंडावर धरून मी बांधाच्या कडेला बसले. माझं पाहून देवळापासून मागे आलेल्या बायका हसायला लागल्या, मग गडी, मग पाटलीणबाईही.

मामलेदारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. इतका वेळ त्यांनी साहेबाचा चेहरा सांभाळला होता, तो आता सुटला. ते म्हणाले, "तुम्ही दोघं एकदा बसून ठरवा. नाहीतर यावर मला नवीन दावा दाखल करून घ्यावा लागेल, आणि त्यात वादी कोण आणि प्रतिवादी कोण, हे मला सांगता येणार नाही."